ओढ्या-नाल्याकाठची जमीन: हद्द कशी ठरवायची आणि हक्क कुठवर चालतो

ओढ्याकाठच्या जमिनीची भांडणे वर्षातून दोनदा पेटतात. उन्हाळ्यात ओढा कोरडा पडला की काठचा शेतकरी नांगराची दोन तासं पुढे सरकवतो. पावसाळ्यात पाणी समोरच्या थडीची माती ओढून नेते. दरवर्षी थोडे थोडे असे चालले की वीस वर्षांनी दोन्ही काठचे लोक ‘ओढा हीच शिव’ असे म्हणतात आणि दोघांच्या मनातला ओढा वेगळ्या जागी असतो.

महाराष्ट्रातल्या कायद्यात या गोंधळाला तसा वाव नाही. हद्द मोजणीच्या अभिलेखावर ठरते, आज पाणी कुठून वाहते त्यावर ठरत नाही. हा लेख मुख्यतः शेतजमिनीसाठी आहे. शहरातल्या नाल्यांना विकास आराखड्याचे वेगळे नियम लागतात, त्यांचा उल्लेख शेवटी थोडक्यात आहे.

आधी हे ठरवा: ओढा कुणाच्या नंबरात आहे?

मोजणी, तक्रार, वकील हे सगळे नंतर. पहिला प्रश्न एवढाच, की गावच्या नकाशात हा ओढा कसा दाखवला आहे. तीन शक्यता असतात आणि तिन्हींचे नियम वेगळे.

पहिली: ओढ्याला गटनंबर नाही. गावनकाशावर तो दोन समांतर रेषांत दाखवलेला असतो आणि दोन्ही बाजूंचे गट त्या रेषांपाशी संपतात. अशा ओढ्याचा तळ सरकारचा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले, तलाव यांचे तळ आणि त्यातले साचलेले किंवा वाहते पाणी, जिथे दुसऱ्या कुणाचा हक्क सिद्ध झालेला नाही तिथे, राज्य सरकारच्या मालकीचे आहे. समोरासमोरच्या दोन शेतकऱ्यांनी ‘अर्धा ओढा तुझा, अर्धा माझा’ अशी वाटणी केली तर ती दोघांनी मिळून सरकारी जमिनीची केलेली वाटणी होते. खरेदीखतात ‘पूर्वेस ओढा’ लिहिले असेल तर तुमची जमीन ओढ्याच्या काठापर्यंत, मध्यापर्यंत नव्हे. मध्यरेषेचा समज बहुतेक वेळा गावच्या शिवेवरून येतो. दोन गावांची शिव नकाशात कित्येकदा नदीच्या पात्रातून काढलेली असते, पण त्या रेषेने तिथली जमीन कुणाच्या मालकीची होत नाही.

दुसरी: ओढा तुमच्या गटाच्या पोटातून जातो आणि त्याचे क्षेत्र सातबाऱ्यावर ‘पोटखराब वर्ग ब’ म्हणून लिहिले आहे. पोटखराब म्हणजे गटातले लागवडीबाहेरचे क्षेत्र. भोगवटादाराखेरीज, म्हणजे जमीन धारण करणाऱ्याखेरीज, इतर लोक ज्या ओढ्याचे पाणी शेतीला, पिण्याला किंवा घरगुती कामाला वापरतात, तो या वर्गात धरतात. सार्वजनिक रस्ता, मान्य पायवाट, दफनभूमी-स्मशानभूमी हीही याच वर्गात येतात. हे क्षेत्र तुमच्या गटात मोजलेले दिसते, पण त्यावर आकारणी नाही आणि ते लागवडीखाली आणता येत नाही. बुजवायचे तर नावच काढू नये.

तिसरी: ‘पोटखराब वर्ग अ’. खडक, घळ, खळे, शेतघर अशी मूळ मोजणीच्या वेळी लागवडीस अयोग्य ठरलेली जागा. पावसाळ्यात दोन महिने पाणी वाहणारी, दुसऱ्या कुणाच्या उपयोगात नसलेली ओघळ कधी कधी इथे मोडते. वर्ग अ लागवडीखाली आणायला मोकळीक आहे, मग त्यावर आकारणी होऊ शकते. मात्र लागवडीची मुभा म्हणजे वरून येणारे पाणी अडवायची मुभा नव्हे. शेजाऱ्याच्या रानात पाणी तुंबले तर ‘माझ्या सातबाऱ्यात वर्ग अ आहे’ हे उत्तर टिकत नाही.

ऑनलाइन सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्राखाली वर्ग अ आणि वर्ग ब अशी दोन्ही क्षेत्रे वेगळी छापलेली असतात. तो आकडा आधी वाचा. निम्मे वाद इथेच निवळतात, कारण ज्या पट्ट्यावरून भांडण चालू असते तो कित्येकदा दोघांपैकी कुणाचाच नसतो.

कोणते कागद काढायचे

सातबारा आणि आठ-अ यावर हद्द कळत नाही. त्यावर क्षेत्र, नावे आणि बोजे असतात. हद्दीसाठी तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात जावे लागते. तिथे नक्कल मागताना नेमकी नावे सांगावीत, कारण ‘जमिनीचा नकाशा द्या’ म्हटले की सोपा तेवढा कागद हाती येतो.

गावनकाशा: ओढा दुहेरी रेषेत आहे की एकेरी, त्याला नंबर आहे की नाही, हे यावर दिसते. महाभूनकाशा संकेतस्थळावरचा नकाशा पाहण्यापुरता चांगला आहे. त्यावर मोबाइलचा जीपीएस ठेवून बांध कोरू नयेत. मूळ कापडी किंवा कागदी नकाशाचे आकसणे-ताणणे त्या डिजिटल नकाशातही उतरलेले असते आणि फोनचा जीपीएस उघड्या रानातही काही मीटर इकडेतिकडे दाखवतो.

टिपण: ओढ्याकाठच्या वादात सगळ्यात मोलाचा कागद हाच. मूळ मोजणीदाराने जागेवर काढलेले हे कच्चे रेखाटन. ते प्रमाणात काढलेले नसते, पण त्यावर लिहिलेली अंतरे प्रत्यक्ष साखळीने मोजलेली असतात. मधली मुख्य रेषा, तिच्यावर डावी-उजवीकडे टाकलेले लंब आणि त्यांचे आकडे. ओढा जिथे रेषा ओलांडतो तिथे त्याच्या दोन्ही काठांची अंतरे बहुधा लिहिलेली सापडतात.

गुणाकार पुस्तक आणि आकारबंद: पहिल्यात क्षेत्राची आकडेमोड, दुसऱ्यात नंबरवार अंतिम क्षेत्र आणि आकार. आकारबंदातले क्षेत्र आणि सातबाऱ्यावरचे क्षेत्र जुळते का ते पाहावे. न जुळल्यास आणि चूक निव्वळ लेखनाची असल्यास कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज चालतो.

फाळणी नकाशा: पोटहिस्से पडले असतील तर. एकत्रीकरण योजना झालेल्या गावात गट पुस्तक आणि गटाचा नकाशाही घ्यावा. एकत्रीकरणात कित्येक ठिकाणी जुन्या सर्व्हे नंबरांचे तुकडे जोडून गट केले गेले, पण नवी मोजणी नेटकी झाली नाही. त्यामुळे गटाचा नकाशा एक सांगतो आणि जुन्या सर्व्हे नंबरचे टिपण दुसरे. अशा वेळी गटाचा जुना सर्व्हे नंबर शोधून त्याचे टिपणही काढावे.

काही तालुक्यांचे जुने अभिलेख ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत. तिथे सापडले तर खेप वाचते, पण न्यायालयात किंवा अपिलात दाखल करायला प्रमाणित प्रतच लागते.

टिपण वाचायचे कसे

जुन्या मुंबई इलाख्याच्या टिपणात साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. म्हणजे एक आणा २.०६२५ फुटांचा, दोन फुटांवर पाऊण इंच. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. या मापात गुंठ्याचा हिशेब पटकन होतो.

समजा टिपणावर ओढ्याचा अलीकडचा काठ ‘७ साखळी ८ आणे’ आणि पलीकडचा ‘८ साखळी १२ आणे’ लिहिला आहे. फरक १ साखळी ४ आणे. ३३ फूट अधिक ४ × २.०६२५ म्हणजे सव्वाआठ फूट, एकूण ४१ फूट ३ इंच, साधारण १२.५७ मीटर. त्या ठिकाणी ओढ्याची अभिलेखातली रुंदी एवढी. आता जागेवर टेप लावून ती २६ फूट भरली, तर सुमारे १५ फूट ओढा कुणीतरी पोटात घातला आहे. कुणी घातला हे मात्र या एका मापाने कळत नाही. त्यासाठी काठाचे अंतर पक्क्या खुणेपासून धरावे लागते. ओढ्याकाठी हीच अडचण असते, कारण काठावरचा हद्दीचा दगड पुरात वाहून गेलेला असतो किंवा ‘वाहून गेला’ असे सांगितले जाते.

अशा वेळी ओढ्यापासून लांबच्या, न हललेल्या खुणा शोधाव्यात: गटाच्या वरच्या अंगाचे दगड, तीन गट मिळतात तो तिठा, जुनी विहीर, गावशिवेचा दगड. ओढ्याच्या दिशेने मोजत यायचे, ओढ्यापासून उलटे मोजत जायचे नाही. हा नियम पाळला नाही तर सरकलेल्या काठाची चूक सगळ्या गटात पसरते आणि ज्याचा वादाशी काही संबंध नाही त्या वरच्या शेजाऱ्याचाही बांध हलतो.

हद्द कायम मोजणी

स्वतःची टेप समजुतीसाठी ठीक. पुरावा म्हणून सरकारी मोजणीच लागते आणि तिचा प्रकार ‘हद्द कायम’ असा नमूद करावा. पोटहिस्सा मोजणीचा अर्ज केला तर आतल्या वाटण्या मोजल्या जातात आणि ओढ्याकडची हद्द बाजूलाच राहते.

१. वेळ ठरवा. माघ-फाल्गुनापासून वळवाच्या आधीपर्यंतचा काळ ओढ्याकाठच्या मोजणीला चांगला: पाणी आटलेले, पीक निघालेले, काठ उघडा. अर्ज निदान दिवाळीच्या सुमारास टाका म्हणजे तारीख या दिवसांत पडण्याची आशा धरता येते.

२. अर्ज ई-मोजणीवर करा, स्वतः किंवा कार्यालयातून. आता नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत. फी क्षेत्रावर आणि भाग ग्रामीण की शहरी यावर ठरते आणि अर्ज भरतानाच दिसते. सोबत ताजा सातबारा, गटाच्या चतुःसीमा आणि लगतच्या सगळ्या खातेदारांची पूर्ण नावे-पत्ते द्यावे लागतात.

३. लगतच्या खातेदारांत ओढ्यापलीकडचेही धरा. मोजणी बिघडते ती बहुतेक इथे. मध्ये सरकारी ओढा आहे, पलीकडचा लगत नाही, असे म्हणून त्याचे नाव गाळले जाते. मग तो ‘मला नोटीसच नव्हती’ म्हणून आक्षेप घेतो आणि सगळी मेहनत पाण्यात. ओढा सरकारी असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्यांनाही, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांना, त्या दिवशी हजर राहण्याविषयी लेखी कळवावे. सरकारच्या बाजूने बोलणारा कुणी तिथे असला की अहवालाला वजन येते.

४. आदल्या दिवशी काठावरची घाणेरी आणि वेड्या बाभळी छाटून नजरेची वाट मोकळी करा. ईटीएस या मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्राला समोरची खूण थेट दिसावी लागते. उपग्रहावरून जागा धरणाऱ्या रोव्हरला आभाळ उघडे लागते, दाट झाडीखाली तो डळमळतो. चुन्याची फक्की, खुंट्या, हातोडा, पुरायला दगड आणि दोन माणसे तयार ठेवा. दगड निदान गुडघाभर जमिनीत जाईल असे लांब घ्यावेत.

५. मोजणीदाराला जागेवर दोन गोष्टी स्पष्ट मागा: ओढ्याचे आजचे दोन्ही काठ वहिवाटीप्रमाणे मोजून नकाशावर घ्यावेत आणि अभिलेखातले काठ वेगळ्या रेषेने दाखवावेत. दोन्ही रेषा एकाच नकाशावर आल्याशिवाय अतिक्रमण किती आणि कुणाचे हे कळत नाही. फक्त तुमच्या गटाची बाहेरची चौकट आखून दिलेली ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीनंतर हाती येणारा नकाशा, अशा वादात फारशी कामाची नसते.

६. खुणा दाखवल्या की लगेच दगड पुरा. उद्यावर ठेवले की फक्की पुसली जाते. काठाच्या अगदी कडेला दगड टिकत नाही, म्हणून खऱ्या हद्दीच्या रेषेतच पण आतल्या अंगाला, पुराचे पाणी पोचत नाही तिथे आणखी एक साक्षीदगड पुरावा आणि त्याच्यापासून हद्दीचे अंतर लिहून ठेवावे. हद्दीच्या खुणा नीट राखण्याची जबाबदारी कायद्याने भोगवटादाराची आहे. खूण मुद्दाम उखडणाऱ्याला दंडही आहे.

७. पंचनाम्यावर आणि जबाबावर सही करण्याआधी वाचा. हद्द मान्य नसेल तर सही नाकारून निघून जाण्यापेक्षा ‘मान्य नाही’ असे कारणासह लिहून सही करणे केव्हाही बरे. हजर होता आणि हरकत घेतली, या दोन्ही गोष्टी नोंदल्या जातात.

मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते. ती उपअधीक्षक करतात. तीही पटली नाही तर जिल्हा अधीक्षकांकडे सुपर निमताना. निमताना मागताना ‘मोजणी चुकीची आहे’ एवढेच लिहू नका. कोणत्या खुणेपासून सुरुवात करायला हवी होती, टिपणातले कोणते अंतर घेतले नाही, कोणाला नोटीस नव्हती, हे लिहा.

मोजणी झाली म्हणजे ताबा मिळाला, असे मात्र नाही. मोजणीदार हद्द दाखवतो, शेजाऱ्याला उठवत नाही. अतिक्रमण तुमच्या जमिनीवर असेल तर कलम १३६ खाली हद्दीचा निर्णय घेऊन कलम १३८ ची कारवाई किंवा दिवाणी दावा. अतिक्रमण ओढ्यावर, म्हणजे सरकारी जमिनीवर असेल तर कलम ५० खाली ते काढण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. अर्ज तहसीलदारांकडे द्यावा आणि सोबत ‘क’ प्रत जोडावी. अतिक्रमणाचे क्षेत्र आकड्यात सांगितलेले असले की फाइल हलते. सहा फूट रुंद आणि ४०० फूट लांब पट्टा म्हणजे २,४०० चौरस फूट, जवळपास सव्वादोन गुंठे. ‘ओढा बुजवला’ या दोन शब्दांपेक्षा हा आकडा जास्त बोलतो.

ओढ्याचा पट्टा आपलाच आहे असा कुणाचा सरकारविरुद्ध दावा असेल तर कलम २० खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे चौकशी होते. त्या आदेशाविरुद्ध दिवाणी न्यायालयात जायला एक वर्षाची मुदत आहे आणि ती गेली की दावा फेटाळला जातो. वर्षानुवर्षे कसतो आहोत, एवढ्या बळावर सरकारी तळावर मालकी सांगायची तर तीस वर्षांचा उघड, सलग आणि मालकीच्याच नात्याने असलेला ताबा सिद्ध करावा लागतो. दर पावसाळ्यात जिथून पाणी वाहते तिथे सलग ताबा दाखवणे किती अवघड आहे हे वेगळे सांगायला नको.

ओढा सरकला तर

पाणी एका काठाला खाते आणि दुसऱ्या काठाला गाळ टाकते. टाकलेल्या गाळाच्या जमिनीला महसुलात मळईची जमीन म्हणतात. काठच्या भोगवटादाराला ती तात्पुरती वापरता येते, पण क्षेत्र एक एकरापेक्षा जास्त होईपर्यंतच (कलम ३३). त्यापुढे ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत जाते. द्यायची झाली तर कलम ३२ प्रमाणे आधी त्याच काठच्या भोगवटादाराला देऊ करावी लागते. म्हणजे मळईवर भुईमूग किंवा कलिंगड घेतले तर गुन्हा नाही, पण तिथे विहीर पाडणे, घर बांधणे किंवा ती खरेदीखतात घालून विकणे चालत नाही. मळई विकत घेणारा कागदावर काहीच विकत घेत नाही.

जमीन वाहून गेली असेल आणि गेलेला तुकडा अर्ध्या एकरापेक्षा कमी नसेल तर कलम ६६ प्रमाणे आकारणी कमी करून मिळते. रक्कम क्षुल्लक असते, तरीही अर्ज करावा. कारण त्यानिमित्ताने पंचनामा होतो, कोणत्या साली किती जमीन गेली याची सरकारी नोंद होते आणि पुढे समोरचा ‘ओढा पहिल्यापासून इथेच होता’ म्हणाला तर तीच कामी येते. पुरानंतर लगेच ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, तारखेसह फोटो काढा. फोटोत एखादी न हलणारी खूण, विजेचा खांब किंवा विहिरीचा काठ, आली पाहिजे. नुसत्या पाण्याच्या फोटोवरून जागा ओळखता येत नाही.

एका रात्रीच्या पुराने ओढा अख्खी वाट बदलून तुमच्या गटातून वाहू लागला, तरी त्यामुळे तुमच्या गटाची हद्द बदलत नाही. जुने पात्र तुमचे होत नाही आणि नव्या वाटेखालची जमीन आपोआप सरकारची होत नाही. ओढा स्वखर्चाने जुन्या पात्रात वळवायचा मोह होतो. महसूल आणि जलसंपदा खात्याच्या लेखी परवानगीशिवाय तसे करू नये, कारण वळवलेल्या पाण्याने खालच्याचे नुकसान झाले तर ते तुमच्या माथी येते.

पाण्यावरचा हक्क

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ मध्ये काठच्या मालकाचे हक्क उदाहरणांसह दिले आहेत. ओढ्याचे पाणी पिण्याला, घरकामाला, गुराढोरांना वापरायचा हक्क आहे. काठच्याच जमिनीला पाणी देण्याचाही आहे, मात्र तसाच हक्क असलेल्या खालच्या लोकांचे मोठे नुकसान होता कामा नये. वरच्याने ओढ्याच्या पाण्याचे प्रमाण, दिशा, जोर यांत ठळक फरक न करता ते खाली येऊ द्यावे, हा खालच्याचा हक्क. त्याच कायद्याने सरकारचा पाणी नियमनाचा अधिकार अबाधित ठेवला आहे. म्हणून अधिसूचित नदी-नाल्यावर किंवा बंधाऱ्याच्या फुगवट्यात मोटर बसवायची तर जलसंपदा विभागाचा उपसा परवाना लागतो, जमीन काठाला लागून असली तरी.

‘काठच्याच जमिनीला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ओढ्याकाठी दोन गुंठे घेऊन तिथे मोटर बसवायची आणि पाणी दोन किलोमीटरवरच्या बागेला न्यायचे, हा काठच्या मालकाचा नैसर्गिक हक्क नव्हे. त्याला परवाना हवा.

मध्ये दुसऱ्याचे रान असेल आणि तो पाइपलाइन जाऊ देत नसेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. अट एक: ज्या ठिकाणाहून पाणी घ्यायचे तिथल्या पाण्यावर तुमचा हक्क असला पाहिजे. पाइप जमिनीखाली निदान अर्धा मीटर खोल जावेत आणि उघडा पाट असेल तर रुंदी दीड मीटरपेक्षा जास्त नसावी. शेजाऱ्याला नुकसानभरपाई आणि भाडे द्यावे लागते. व्यवहारात अर्धा मीटर कमी पडतो. ट्रॅक्टरचा खोल नांगर त्याच्या जवळ पोचतो, तेव्हा पाऊण ते एक मीटर खोल घालावेत. फुटलेला पाइप आणि त्यावरून वाढलेली धुसफूस, दोन्ही वाचतात.

वाळू, मुरूम, गाळ यांच्यावर काठच्या मालकाचा हक्क नाही. परवान्याशिवाय उपसा केल्यास त्याच अधिनियमाच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि वाहन जप्त होते. ‘माझ्या शेतापुढची वाळू’ हा बचाव तहसील कार्यालयात रोज ऐकला जातो आणि रोज फेटाळला जातो.

शेजाऱ्याने पाणी अडवले तर

मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ इथे उपयोगी पडते. शेतातून नैसर्गिकपणे वाहणाऱ्या पाण्याला कुणी बेकायदा अडथळा केला, बांध घातला, चर बुजवली, नळी बंद केली आणि त्याने पिकाचे किंवा जमिनीचे नुकसान झाले किंवा होण्यासारखे असेल, तर तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात.

मुदत सहा महिने, अडथळा निर्माण झाल्या दिवसापासून. आषाढात पाणी तुंबले, गणपतीपर्यंत गावकीत बैठका झाल्या, दिवाळीला तडजोड मोडली आणि मकरसंक्रांतीला अर्ज केला, तर मुदत संपलेली असू शकते. तडजोड जरूर करावी, पण अर्ज आधी दाखल करून.

अर्जात दोन्ही बाजूंची नावे-पत्ते, गटनंबर आणि चतुःसीमा, अडथळा नेमका काय आणि कुठे, तो केव्हा घातला ती तारीख, मागणी आणि साक्षीदारांची नावे हवीत. सोबत साधा हाती काढलेला नकाशा जोडा: वरचे रान, उताराची दिशा, पूर्वीची वाट, आताचा बांध. तहसीलदार किंवा मंडळ अधिकारी स्थळपाहणीला येतात तेव्हा हाच कागद हातात असतो. निर्णय विरोधात गेला तर कलम २३ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षणाचा, म्हणजे फेरतपासणीचा, अर्ज आणि दिवाणी न्यायालयाचा मार्गही मोकळा राहतो.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. वरच्या रानाचे नैसर्गिक पाणी खालच्याने घ्यायलाच हवे, पण वरच्याने चार चर एकत्र करून सगळे पाणी एका नळीतून खालच्याच्या बांधावर सोडले तर ते नैसर्गिक वाहणे राहत नाही. तिथे तक्रारीचा हक्क खालच्याचा.

काठ राखणे

स्वतःच्या हद्दीत काठाला आधार द्यायला कुणाची हरकत नाही. पात्रात पुढे सरकून भिंत बांधली की मात्र अतिक्रमण होते, शिवाय पाणी समोरच्या काठावर आदळते आणि त्याची जमीन कापते. उभा कापलेला मातीचा काठ पहिल्याच मोठ्या पावसात ढासळतो. तो निदान दीडास एक असा उतरता करावा, म्हणजे एक मीटर उंचीला दीड मीटर रुंदी. उतारावर पावसाच्या तोंडी वाळ्याची रोपे १० ते १५ सेंटीमीटरवर दाट ओळीत लावावीत. वरच्या कडेला करंज, अर्जुन, वाळुंज, जांभूळ. जाळीतल्या दगडांची भिंत घालायची तर पाया पात्राच्या तळाखाली न्यावा. बहुतेक भिंती वरून पडत नाहीत, खालची माती धुपून कलंडतात. काठावरचे जुने झाड तोडण्याआधी तहसील आणि वन कार्यालयात परवानगी विचारावी.

सरकारी योजनेतून ओढ्याचे खोलीकरण-रुंदीकरण होणार असेल तर यंत्र येण्याआधी दोन्ही काठ टिपणाप्रमाणे आखून घ्यायला सांगा. यंत्र चालवणारा सोपी बाजू धरतो आणि ती बाजू तुमची असू शकते. निघालेला गाळ काठाच्या कडेवर ढीग करून ठेवू नये, निदान खोदाईच्या खोलीइतका तरी लांब टाकावा. नाहीतर त्याच्या वजनाने काठ बसतो आणि तोच गाळ पुन्हा पात्रात.

ओढ्याकाठची जमीन घेताना

विसार देण्याआधी वर्ग ब चे क्षेत्र, गावनकाशा आणि टिपण पाहावे. विकणाऱ्याने दाखवलेल्या बांधाच्या आत खरोखर सातबाऱ्याएवढे क्षेत्र आहे का, की त्यात मळई आणि बुजवलेला ओढा धरला आहे, हे मोजणीशिवाय कळत नाही. मोजणीची अट विसारपावतीत घाला आणि भाव प्रत्यक्ष निघालेल्या क्षेत्रावर ठरवा. घर किंवा बिनशेतीचा विचार असेल तर जलसंपदा विभागाने त्या नदीची पूररेषा आखली आहे का ते तपासावे. पात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध असते, निळ्या आणि लाल रेषेमधले नियंत्रित. शहराच्या किंवा प्राधिकरणाच्या हद्दीत नाल्यापासून सोडायचे अंतर नगररचना कार्यालयातून लेखी घ्यावे.

महसुली आदेशांविरुद्धच्या अपिलाची मुदत सहज निसटते. जिल्हाधिकारी किंवा अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याहून खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर ६० दिवस, त्यांचा किंवा त्यांच्यावरचा असेल तर ९० दिवस. आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज त्याच आठवड्यात करावा आणि पावती जपून ठेवावी.